हळू, आत जीव आहे

"हळू, सर. आत जीव आहे."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. पंपाचा दांडा हातात घेतला रे घेतला की मॅडमचं बोट वर व्हायचं. मधल्या पेराशी सुजलेलं, जरा वाकडं बोट. ते वर झालं की भल्याभल्यांनी हात आवरायचा. मी आवरायचो, शिपाई आवरायचा. एकदा तपासणीच्या समितीतले एक जाडजूड गृहस्थ फार उत्साहाने दांडा ओढायला गेले, तर मॅडमनी त्यांनाही तेच सुनावलं. बिचारे हात खिशात घालून उभे राहिले ते चहा येईपर्यंत.

आत जीव म्हणजे काय, तर मॅडमच्याच रक्ताचा एक थेंब.

आमचं कॉलेज शहाद्याजवळ लोणखेड्याला. मी तिथे भौतिकशास्त्र शिकवतो, त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. मी तापीकाठच्या शेतकरी घरातला. घरात अहिराणी, वर्गात मराठी, आणि डोकं तापलं की वर्गातही अहिराणी. डोकं माझं लवकर तापतं, ते पोरांना विचारा. मॅडम नवापूरच्या पलीकडच्या, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरातल्या एका ख्रिस्ती घरातल्या. त्यांच्या घरची बोली निराळी. मराठी त्या शाळेत शिकल्या, म्हणून आम्हा सगळ्यांपेक्षा स्वच्छ बोलायच्या. मी 'पानी' म्हणालो की शांतपणे बाटली पुढे करून "पाणी, सर" म्हणायच्या. राग येण्याआधीच हसू यायचं, त्यामुळे त्यांच्यावर मला कधी नीट रागावताच आलं नाही.

बाटली कायम हातात. जिना चढताना भिंतीला हात. डोळे जरा पिवळे. त्यांना सिकलसेल होता. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात हे समजावून सांगावं लागत नाही, पण तुम्ही लांबचे असाल तर सांगतो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात. या आजारात त्यांना प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. अडकल्या की पुढच्या भागाला रक्त नाही. मग हाडं दुखतात. कशी दुखतात ते मी सांगू शकत नाही. मॅडमना मी दोनदा तशा दुखण्यात पाहिलं. एवढी धीराची बाई, पण टेबलाची कड धरून जनावरासारखी कण्हत होती. त्या वेळी मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो, कारण आत उभं राहून करायचं काय?

त्यांच्या भावाच्या मुलीलाही तेच होतं. एस्तेर तिचं नाव. नऊ-दहा वर्षांची, बारीक चणीची, आत्यावर जीव टाकणारी. तिच्या आईकडची आजी तिला उठताबसता म्हणायची की तुझं रक्तच नासलेलं आहे. मग एकदा पोरीने आत्याला विचारलं, "आत्या, माझं रक्त वाईट आहे का?"

"काय सांगू तिला, सर?" मॅडम मला म्हणाल्या. "मी म्हटलं, वाईट नाही ग, नुसतं वाकतं. आणि वाकलेलं सरळही होतं. पण तिला माझं पटलं नाही. तिच्या डोळ्यांना दाखवायला हवं."

झालं! तिथून आमचं सुरू झालं.

मॅडमनी कुठल्यातरी जुन्या संशोधनात वाचलं होतं की वाकलेल्या पेशींना फार मोठा दाब दिला, समुद्राच्या पार खोल असतो तसा, तर त्या प्राणवायू न देताही सरळ होतात. दाब देता देता त्या जिवंत पेशींकडे सूक्ष्मदर्शकातून बघायचं, असं उपकरण मोठ्या संस्थांत असतं. आमच्याकडे कुठून असणार? मी म्हटलं, "मॅडम, आपल्या लॅबचा पंखा फिरत नाही आणि तुम्ही समुद्राचा तळ आणायला निघालात." त्या म्हणाल्या, "पंख्याचं नंतर बघू."

उपकरण ऐकायला सोपं आहे. पोलादाचा मुठीएवढा ठोकळा. त्याला आरपार भोक आणि भोकाच्या दोन्ही तोंडांना जाड काच. दोन काचांच्या मध्ये मिठाचं पाणी, आणि त्या पाण्यात दोन पातळ काचपट्ट्यांमध्ये धरलेला रक्ताचा थेंब. ठोकळ्याच्या बाजूने एक बारीक नळी बाहेर काढायची, तिला हातपंप, पंपाला झडप आणि दाबाचा काटा. हा सगळा संसार सूक्ष्मदर्शकाखाली बसवायचा आणि वरून बघायचं. कागदावर मी ते अर्ध्या तासात काढून दिलं. बनवायला पूर्ण वर्ष गेलं.

ठोकळा शहाद्याच्या लेथवर कोरून घेतला. लेथवाला ठोकळा हातात फिरवत म्हणाला, "सर, यामा काय भरशात? डिझेल?"

"रक्त," मी म्हणालो.

"रक्त? मंग काच कसाले इतली जाड? हाई मशीन शे का तोफ शे?"

मॅडमना अहिराणी कळायची. त्या हसून म्हणाल्या, "भाऊ, तोफच समजा. पण गोळा बाहेर येता कामा नये."

काच मिळाली ती साखर कारखान्यातली. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते बघायला जाड काच लावलेली असते, तिचे जुने तुकडे एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी आणून दिले. नळीचे सांधे आणि सांधा गळू नये म्हणून बसवायच्या रबराच्या गोल ओरिंगा विसरवाडीच्या एका दुकानातून. तिथे ट्रकांचे आणि डंपरांचे हायड्रॉलिक पाइप दुरुस्त करून मिळतात, आणि मॅडमची गावाला जायची एसटी तिथेच थांबायची. दर शनिवारी त्या उतरायच्या, दुकानदाराशी हुज्जत घालायच्या आणि सोमवारी पर्समधून ओरिंगा काढून माझ्या टेबलावर ठेवायच्या. बायकांच्या पर्समधून बांगड्या निघतात, यांच्या पर्समधून ओरिंगा!

एवढं करून काय झालं? गळायला लागलं. दाब चढवायचा, झडप बंद करायची, वर्गावर जाऊन यायचं, तर काटा खाली. मॅडम रोज सकाळी आल्या की आधी नखाने काट्याच्या काचेवर टिचकी मारायच्या, "उतरला" म्हणायच्या, आणि मग मला नमस्कार. माझी बायको रोज जेवताना विचारायची, "मॅडमना मशिननं काय व्हयनं?" मी म्हणायचो, "उतरनं." पुढे पुढे तिने विचारणंच सोडलं.

शेवटी एका दुपारी जमलं, दाब बघण्यापुरता तरी टिकायला लागला. मॅडमनी बोटाला सुई टोचली, थेंब घेतला, त्यात रक्तातला प्राणवायू काढून घेणारी पावडर मिसळली आणि ठोकळा बंद केला. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "बघा."

मी डोळा लावला. आधी नुसता धुरळा दिसला. मग एकेक आकार दिसायला लागला. विळे, टोकदार पानं, मोडक्या काड्या. हे सगळं या बाईच्या अंगात फिरतंय आणि ही बाई रोज दोन जिने चढून तास घेते!

"आता द्या दाब. हळू, सर. आत जीव आहे."

मी दांडा दाबत गेलो. या वेळी डोळा त्यांचा होता. काटा वर सरकत होता. बराच वेळ गेला. मग त्यांनी न बघताच माझी बाही धरली आणि ओढली. "सर, उघडताहेत. अहो, सरळ होताहेत!" मी बघितलं. खरंच! एकेक विळा अंग सैल सोडत होता, टोकं आत जात होती, पाव फुगावा तसा आकार भरत होता. सगळ्याच नाहीत. काही पेशी आधीच कायमच्या वाकलेल्या असतात, त्या तशाच राहिल्या. पण बाकीच्या गोल झाल्या. मॅडमचं स्वतःचं रक्त जन्मात पहिल्यांदा त्यांचं ऐकत होतं. त्या रडत होत्या आणि मीही रडलो, त्यात लाजायचं काय.

मग दाब सोडला. काटा खाली आला, आणि आमच्या डोळ्यांदेखत पेशी परत वाकल्या.

"सोडला की वाकतात," त्या म्हणाल्या आणि बाटलीतून पाणी प्यायल्या. "ते माहीतच होतं म्हणा." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण सरळ होतात, हे खरं ना? तेवढं एस्तेरला दाखवायचं."

तो थेंब आम्ही तसाच ठेवून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मी हौसेने परत बघितलं, तर विळे नाहीत, लाली नाही, नुसत्या फिकट गोल कडा. मी ओरडलोच, "मॅडम, आपोआप सरळ झाल्या!" त्या आल्या, वाकून बघितलं आणि माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. "सर, ह्या मेल्या. आतलं सगळं बाहेर निघून गेलं, नुसती टरफलं राहिली. मेलेल्या पेशी वाकत नाहीत. वाकायला जिवंत असावं लागतं." आणि ठोकळा धुवायला घेऊन गेल्या.

नाताळला त्या गावी गेल्या. प्रार्थनेनंतर लोक चहाला बसले, तेव्हा त्यांनी आनंदाने सगळ्यांना सांगितलं, की अशी अशी मशीन केली, दाब दिला की आपलं वाकलेलं रक्त सरळ होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. कुणीही सांगेल हो! ज्या घरात पिढ्यानपिढ्या पोरं कण्हतात, त्या घरात जाऊन हे सांगायचं नाही तर कुठे सांगायचं?

जानेवारीत थंडी पडली आणि एस्तेरचे पाय दुखायला लागले. मॅडम इकडे लोणखेड्यात होत्या. त्यांच्या भावाने, दादाने, पोरीचं कण्हणं ऐकलं आणि बहिणीने सांगितलेलं त्याला आठवलं. दाब दिला की सरळ होतं. त्याने जुन्या साडीच्या पट्ट्या फाडल्या आणि पोरीचे दोन्ही पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आवळून बांधले. वरून पाट्यावरचा वरवंटा फिरवला. पोरगी ओरडली तेव्हा त्याने आणखी आवळलं, कारण दाब जितका जास्त तितकं बरं, असं त्याला वाटलं. त्याला हसू नका. आमच्याकडेही डोकं दुखलं की फडकं आवळून बांधतात, अंग दुखलं की पोरांना पाठीवर चालायला लावतात. दुखणं दाबलं की जातं, ही समजूत डोंगरातलीच आहे असं नाही. त्याने जे केलं ते लेकीवरच्या मायेने केलं. पण ज्या नसांत आधीच रक्त अडकत होतं, त्या त्याने बांधून टाकल्या.

पोरगी वाचली. नंदुरबारच्या दवाखान्यात बरेच दिवस होती. डाव्या पायाची बोटं काळी पडली होती, त्यातली दोन काढावी लागली.

हे मला मॅडमनीच सांगितलं, सोमवारी सकाळी, दारातच. अगदी सपाट आवाजात. मग त्या उपकरणापाशी गेल्या. मी नुकताच दाब चढवून ठेवला होता. काट्याकडे बघितलं नाही, टिचकी मारली नाही. सरळ झडपेला हात घातला आणि एका हिसक्यात उघडली. फट् आवाज झाला, पाणी छतापर्यंत उडालं. मी हादरलो. एवढ्या दिवसांत ती झडप त्यांनी केसाकेसाने फिरवली होती.

"मॅडम!"

"माझ्या तोंडानेच गेलं ना ते, सर? दाब दिला की सरळ होतं. माझंच वाक्य. दादा दवाखान्यात मला म्हणतो, तू सांगितलं तसंच केलं ना, मग का नाही झालं? काय उत्तर देऊ त्याला?"

मी फडकं घेऊन टेबल पुसत राहिलो.

त्या खचून बसतील असं मला वाटलं होतं. बसल्या नाहीत. प्रत्येक रविवारी त्या डोंगरातल्या एका गावी जायच्या, भरलेल्या जीपच्या मागच्या फळीवर बसून, थंडीत. प्रार्थना संपली की उठायच्या आणि सांगायच्या, पाय बांधू नका, पोराला ऊब द्या, पाणी पाजा, दवाखान्यात न्या. ती मशीन पोलादाची आहे, तिच्यातला दाब माणसाच्या अंगाला देता येत नाही, आणि सोडला की रक्त परत वाकतं. मी चुकीचं सांगितलं नव्हतं, पण अर्धंच सांगितलं, असं भर सभेत म्हणायच्या. मी भांडलो त्यांच्याशी. "मॅडम, थंडी तुम्हाला विष आहे. मरायचंय का?" तर म्हणाल्या, "सर, तुमचं डोकं तापलंय, पानी प्या." मुद्दाम माझ्यासारखं 'पानी' म्हणाल्या.

उपकरण मात्र त्यांनी टाकून दिलं नाही. हिसक्याने ओरिंग फाटली होती, ती विसरवाडीहून नवी आणली. "आता तर एस्तेरला दाखवायलाच हवं," त्या म्हणाल्या. "तिच्या पायाशी जे केलं ते आणि हे एक नाही, हे तिला दिसलं पाहिजे. नाहीतर ती जन्मभर म्हणेल, आत्याची मशीन आणि माझी बोटं."

एका शनिवारी दुपारी त्यांनी थेंब आत ठेवला, दाब चढवला. पेशी गोल झाल्या. मग झडप बंद केली. "हात लावू नका, सर. नवी ओरिंग टिकते का बघू. सोमवारी एस्तेरला आणते, मग ताजं रक्त घेऊ." नखाने काट्यावर टिचकी मारली, शाल गुंडाळली आणि जिन्याच्या भिंतीला हात लावत उतरल्या. खालून हाक आली, "उतरला तर फोन करा!"

रविवारी त्या प्रार्थनेनंतर बोलायला उभ्या राहिल्या तेव्हाच अंगात ताप होता. दुपारी छातीत दुखायला लागलं. दादाने गाडी मिळवली. नंदुरबारला नेत होते, विसरवाडी ओलांडली आणि गाडीतच संपलं. दादाने मला फोनवर एवढंच सांगितलं की शेवटपर्यंत त्या खिडकीची काच बंद करायला सांगत होत्या, थंडी वाजते म्हणून. काच बंदच होती.

मी त्यांना माती द्यायला गेलो आणि आलो. लॅबकडे फिरकलो नाही. काटा बघायचा नव्हता मला. तो उतरलेला असला तर टिचकी कोण मारणार?

पुढच्या आठवड्यात दादा आले, मॅडमचं सामान न्यायला. बरोबर एस्तेर. डाव्या पायात मोठ्या माणसाची चप्पल, पट्टीवरून घातलेली. मॅडमचा स्वेटर, डबा, दोन पुस्तकं मी पिशवीत घालून दिली. दादा पिशवी हातात घेऊन दारातच उभे राहिले, आत येईनात. पोरगी मात्र आत आली आणि शाळेतल्या मराठीत म्हणाली, "आत्याची मशीन कुठे आहे?"

नाही कसं म्हणायचं? मी उपकरणावर टाकलेलं फडकं काढलं. काटा मॅडमनी ठेवला होता तिथेच होता. जरासुद्धा उतरला नव्हता. वर्षभर एक रात्र न टिकलेला दाब आता, त्या गेल्यावर, ठाण मांडून बसला होता. असा संताप आला मला त्या ओरिंगेचा!

आधी मी बघितलं. लाली गेलेली. फिकट गोल कडा, एकीला एक लागून. मी ओळखलं, टरफलं.

एस्तेरला स्टुलावर बसवलं. तिने एक डोळा हाताने झाकला, दुसरा लावला. "गोल आहेत," ती म्हणाली. मग, "लाल का नाहीत?"

"जुनं झालं की रंग जातो, बाळा."

"आत्याचं आहे?"

"आत्याचंच."

ती पुष्कळ वेळ बघत राहिली. मग डोळा न काढता म्हणाली, "आता सोडा. आत्या म्हणायची, सोडला की परत वाकतात. मला ते पण बघायचं आहे."

मी दादांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. मी झडपेला हात लावला.

"हळू," एस्तेर म्हणाली. "आत जीव आहे."

माझा हात थांबला. मग मी मॅडम फिरवायच्या तशी केसाकेसाने झडप फिरवली. काटा खाली, आणखी खाली, शून्यावर आला. पोरगी श्वास रोखून बघत होती.

"नाही वाकल्या!" ती ओरडली. "सोडला तरी नाही वाकल्या! पप्पा, आत्याचं रक्त सरळच राहिलं!"

दादा दारातून आत आले. त्यांनी डोळा लावला नाही. पिशवी छातीशी धरून मला विचारलं, "खरं का, सर?"

"खरं," मी म्हणालो. "आता नाही वाकणार."